दुसऱ्या झुंजीचा न्याय

मुष्टियुद्धाच्या जगात पहिल्या झुंजीपेक्षा दुसरीवर लोकांचा विश्वास अधिक असतो. मोठ्या सामन्यात अनपेक्षित निकाल लागला, की म्हणणारे म्हणतात, गडी गाफील होता, पंचाने घात केला, एखादा ठोसा आंधळेपणाने बसला. मग वर्ष-दोन वर्षांनी तेच दोघे पुन्हा समोरासमोर येतात, आणि त्या खेपेस जे काय घडेल ते मागच्या साऱ्यावर बोळा फिरवून जाते. हरलेला जिंकला, तर पहिली झुंज खोटी ठरते. जिंकलेलाच पुन्हा जिंकला, तर ती खरी ठरते. जणू पहिली झुंज म्हणजे खालच्या कोर्टाचा निकाल आणि दुसरी म्हणजे अपील!

मला हा न्याय पटत नाही. मी शाळामास्तर आहे; फेरपरीक्षेला बसलेली पोरे वर्षानुवर्षे पाहतो आहे. फेरपरीक्षेत पास झालेला मुलगा पहिल्या परीक्षेत नापास झालाच नव्हता, असे त्याची आईदेखील म्हणत नाही. प्रश्नपत्रिका निराळी असते आणि मधल्या काळात मुलगाही निराळा झालेला असतो. किंबहुना तो किती निराळा झाला, एवढेच फेरपरीक्षा सांगू शकते. मुष्टियोद्ध्यांच्या कौशल्याचे माप घ्यायला बसलेल्यांनी हे ध्यानात ठेवले असते, तर दोन-तीन माणसांना त्यांच्या वाट्याचे श्रेय तरी नीट मिळाले असते.

आपल्या वाचकांना कुस्तीतले उदाहरण जवळचे वाटेल. १९१० च्या सप्टेंबरात लंडनला गामा आणि पोलंडचा झिबिस्को यांची कुस्ती जवळजवळ तीन तास चालून बरोबरीत सुटली. पुढे १९२८ च्या जानेवारीत पतियाळाला तेच दोघे पुन्हा लढले आणि एक मिनिट पुरे होण्याच्या आत झिबिस्को चीत झाला. तेव्हापासून आपल्याकडे सांगतात, की पतियाळाने लंडनचे कोडे सोडवले. पण लंडनला गादी होती, पतियाळाला लाल मातीचा हौदा होता. लंडनला दोघे तिशीच्या आसपास होते, पतियाळाला पन्नाशीला टेकलेले. लंडनला झिबिस्को गादीवर पोटाशी चिकटून पडून राहिला. प्रेक्षकांना ते भ्याडपणाचे वाटले आणि गामाला त्याचे उत्तर सापडले नाही, या दोन्ही गोष्टी पतियाळाच्या निकालाने बदलत नाहीत. गामा थोर होता. परंतु तो थोर होता म्हणून लंडनचे तीन तास पुसून टाकण्याचे कारण नाही.

मुष्टियुद्धात हा घोटाळा अधिकच वाढतो, कारण तेथे घड्याळ असते. लोकांना झुंज आठवत नाही, सेकंद आठवतात.

जॅक डेम्प्सी आणि जीन टनी या दोघा अमेरिकन योद्ध्यांमध्ये हेवीवेटच्या जगज्जेतेपदासाठी दोन झुंजी झाल्या. पहिली २३ सप्टेंबर १९२६ रोजी फिलाडेल्फियाला, भर पावसात, एक लाख वीस हजारांवर प्रेक्षकांपुढे. दुसरी वर्ष भरायला एक दिवस कमी असताना, २२ सप्टेंबर १९२७ रोजी शिकागोच्या सोल्जर फील्डवर. तिचे नुसते तिकिटांचे उत्पन्न साडेसव्वीस लाख डॉलरांवर गेले होते. दोन्ही झुंजी दहा-दहा फेऱ्यांच्या, आणि दोन्ही टनीने गुणांवर जिंकल्या. मिळून वीस फेऱ्या, म्हणजे पुरा तासभर युद्ध. त्या तासातली जगाच्या स्मरणात राहिली ती चौदा सेकंदे.

शिकागोला सातव्या फेरीत डेम्प्सीने टनीला दोराशी गाठले. एकामागून एक ठोसे बसले आणि टनी खाली बसला. तो आयुष्यात प्रथमच पडला होता. नियम असा होता, की पाडणाऱ्याने दूरच्या तटस्थ कोपऱ्यात जाऊन उभे राहायचे आणि मगच पंचाने अंक मोजायला लागायचे. झुंजीपूर्वी हा नियम दोघांनाही समजावून दिलेला होता. पण डेम्प्सीची सारी घडण जुन्या रीतीची. १९१९ साली विलर्डला आणि १९२३ साली फिर्पोला पाडले तेव्हा तो पडलेल्या गड्याच्या डोक्यावरच उभा राहिला होता. उठला की पुन्हा हाणायचे! शिकागोलाही तो तसाच रेंगाळला. डेव्ह बॅरी या पंचाने त्याला कोपऱ्याकडे पिटाळले आणि तो गेल्यावर एकपासून मोजायला सुरुवात केली. नऊ म्हणताच टनी उठला. घड्याळाच्या हिशेबाने तो चौदा सेकंदांच्या आसपास खाली होता.

यावर पुढे कित्येक वर्षे वाद चालला. टनी दहाच्या आत उठू शकला असता की नाही? टनी म्हणे, उठलो असतो. डेम्प्सीचे भक्त म्हणत, कसला उठतो! पुढच्या फेरीत टनीने डेम्प्सीला क्षणभर पाडले तेव्हा पंचाने टनी कोपऱ्यात जाण्याची वाट न पाहता मोजायला सुरुवात केली, हाही मुद्दा त्यांनी काढला, आणि तो रास्त आहे. पंचाचे वागणे सारखे नव्हते.

पण टनी उठल्यावर काय झाले, याची चर्चा फारशी कोणी करीत नाही. माझ्या मते साऱ्या झुंजीतले कौशल्य तेथे आहे. डोके बधिर झालेला माणूस, समोर जगातला सर्वांत भयंकर ठोसेवाला, आणि फेरी संपायला अजून बराच वेळ. टनी मागे मागे सरकू लागला. वर्तुळाकार, डावीकडे, पाय न अडखळता. डेम्प्सी चिडून हातांनी खुणा करू लागला, की ये ना, लढ ना! टनी गेला नाही. लोकांना हे पळणे वाटले. परंतु हा मनुष्य सरावात रोज पाठमोरा धावत असे. जगज्जेत्याशी लढण्याची तयारी करताना, आपण पडलो आणि उठलो तर त्यानंतर पायांनी काय करायचे, याचा विचार ज्याने आधी करून ठेवला होता, त्याच्या कौशल्याचे माप चौदा सेकंदांच्या घड्याळाने कसे होणार?

टनीचा डेम्प्सीचा अभ्यास फार जुना. १९२१ साली जर्सी सिटीला डेम्प्सी आणि फ्रान्सचा कार्पांतिए लढले, त्या दिवशी मुख्य झुंजीआधीच्या एका लढतीत स्वतः टनी उतरला होता. कार्पांतिएच्या उजव्या हाताने डेम्प्सी हलला, हे त्याने तेव्हाच मनात टिपून ठेवले. पाच वर्षांनी फिलाडेल्फियाला पहिल्याच फेरीत त्याने तोच सरळ उजवा ठोसा डेम्प्सीच्या गालावर उंच मारला. त्यानंतर डेम्प्सी पूर्वीसारखा बेधडक आत शिरला नाही. फिलाडेल्फियाची गोष्ट खरे तर तेथेच संपली होती. डेम्प्सी तीन वर्षे लढला नव्हता, गंजला होता, असे त्याचे चाहते म्हणतात. ते खरेच आहे. मग शिकागोचा डेम्प्सी गंजलेला नव्हता ना? दोनच महिन्यांपूर्वी त्याने शार्कीला सातव्या फेरीत बाद केले होते. तो शिकागोलाही दहांतल्या बहुतेक फेऱ्या हरला. म्हणजे दुसरी झुंज पहिलीपेक्षा काही निराळे सांगतच नाही. निराळे सांगितले ते फक्त लोकांच्या इच्छेने.

आणि टनी हे कोठे शिकला? तोही फेरपरीक्षेतच. १९२२ च्या मे महिन्यात हॅरी ग्रेब नावाच्या, त्याच्याहून लहान चणीच्या योद्ध्याने त्याला पंधरा फेऱ्या अक्षरशः रक्तबंबाळ केले, नाक फोडले. टनीच्या कारकिर्दीतला तो एकमेव पराभव. त्यानंतर तो ग्रेबशी आणखी चार वेळा लढला आणि पुन्हा एकदाही हरला नाही. त्यांतली १९२३ च्या फेब्रुवारीतली जीत वादग्रस्त होती, पण पुढच्या झुंजींत शंकेला जागा कमी कमी होत गेली. टनी शेक्सपिअर वाचतो म्हणून वर्तमानपत्रे त्याची चेष्टा करीत. मला त्याचे ग्रेबबरोबरचे पाच धडे अधिक महत्त्वाचे वाटतात.

एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. या झुंजींवर मते देणाऱ्या कोट्यवधी अमेरिकनांनी त्या पाहिलेल्याच नव्हत्या. १९१० साली जॅक जॉन्सन या कृष्णवर्णी जगज्जेत्याने जेफ्रीज या गोऱ्या माजी जगज्जेत्याला हरवले तेव्हा देशात ठिकठिकाणी दंगली झाल्या, आणि दोन वर्षांनी झुंजींच्या चित्रफिती एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यावर कायद्याने बंदी घालण्यात आली. ती १९४० पर्यंत टिकली. चित्रफिती चोरवाटांनी फिरत असत, नाही असे नाही. पण बहुतेकांचे मत बनले ते रेडिओ ऐकून आणि वर्तमानपत्रे वाचून. आणि वर्तमानपत्रवाल्यांना पाय दिसत नाहीत.

या वर्तमानपत्रवाल्यांनी सर्वांत मोठा अन्याय केला तो जो लुई आणि मॅक्स श्मेलिंग यांच्या दोन झुंजींच्या बाबतीत. गंमत म्हणजे त्यांनी दोघांवरही अन्याय केला.

पहिली झुंज १९ जून १९३६ रोजी न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये झाली. ती अजिंक्यपदासाठी नव्हती. अजिंक्यपद तेव्हा ब्रॅडॉककडे होते. लुई बावीस वर्षांचा, अजिंक्य, आणि गोऱ्या पत्रकारांच्या लेखी एक निसर्गाची शक्ती. श्मेलिंग तिशीचा, उतरणीला लागलेला माजी जगज्जेता. त्याने पद मिळवले होते १९३० साली, शार्कीने कमरेखाली ठोसा मारल्यामुळे. आणि १९३२ च्या दुसऱ्या झुंजीत ते गमावले होते, तेही पंचांच्या दुभंगलेल्या निकालाने, जो पुष्कळांना चुकीचा वाटला. म्हणजे अपिलात बुडालेलाच माणूस!

१९३५ च्या डिसेंबरात श्मेलिंग मुद्दाम न्यूयॉर्कला जाऊन लुईची उझकुदूनशी झालेली झुंज पाहून आला. त्याने पाहिले ते एवढेच: लुई डाव्या हाताचा जॅब मारल्यावर हात हनुवटीशी परत आणत नाही, तो किंचित खाली घसरतो. त्या फटीतून उजवा हात जाऊ शकतो. पुढचे सहा महिने श्मेलिंगने त्या एका फटीसाठी खर्च केले. इकडे लुई सरावाच्या तळावर गोल्फ खेळत होता. चौथ्या फेरीत श्मेलिंगचा उजवा हात त्या फटीतून गेला आणि लुई खाली बसला. त्यानंतरच्या आठ फेऱ्या म्हणजे तोच एक ठोसा, पुन्हा पुन्हा. बाराव्या फेरीत लुई बाद झाला.

एका तंत्राने एका झुंजीचा असा पूर्ण निकाल लावल्याचे दुसरे उदाहरण मला चटकन आठवत नाही. बरे, लुई तरी कसा? चौथ्या फेरीत डोके बधिर झाल्यावर आठ फेऱ्या तो उभा राहिला. त्याच्या धैर्याची ती सर्वांत मोठी परीक्षा होती, आणि ती त्याच्या पराभवाच्या दिवशी झाली.

पुढच्या वर्षी ब्रॅडॉकला आठव्या फेरीत बाद करून लुई जगज्जेता झाला. श्मेलिंगचा हक्क आधीचा असताना संधी लुईला मिळाली. पण श्मेलिंगला हरवीपर्यंत आपण स्वतःला जगज्जेता समजणार नाही, असे लुईने सांगून टाकले. २२ जून १९३८ रोजी त्याच स्टेडियममध्ये, सत्तर हजार प्रेक्षकांपुढे, अजिंक्यपदासाठी दुसरी झुंज झाली. जर्मनीत तेव्हा पहाटेचे तीन वाजत आले होते आणि लोक रेडिओशी बसले होते. दोन मिनिटे चार सेकंदांत सारे आटोपले. श्मेलिंग तीन वेळा पडला. दोराला धरून वळत असता त्याच्या कुशीत बसलेल्या एका ठोशाने मणक्याच्या हाडाला इजा झाली. त्याच्या माणसांनी टॉवेल फेकला तो पंच डोनोव्हनने उचलून दोरावर भिरकावला. मग त्यालाच झुंज थांबवावी लागली. त्या दोन मिनिटांत श्मेलिंगला मोजून दोन ठोसे फेकता आले, असा हिशेब सांगतात.

आता न्याय कसा झाला पाहा. एका बाजूने म्हटले गेले, की १९३६ चा श्मेलिंगचा विजय अपघात होता. खरे काय ते १९३८ ने दाखवले. श्मेलिंग हिटलरच्या जर्मनीचा प्रतिनिधी म्हणून उभा केलेला असल्यामुळे त्याची पहिली कामगिरी विसरणे सर्वांनाच सोयीचे होते. हा मनुष्य नाझी पक्षाचा सभासद कधीच नव्हता, त्याचा व्यवस्थापक ज्यू होता, आणि त्याच १९३८ च्या नोव्हेंबरात बर्लिनमध्ये ज्यूंवर हल्ले झाले तेव्हा त्याने दोन ज्यू मुलांना आपल्या खोलीत लपवून ठेवले, हे जगाला फार उशिरा कळले. पण तो चांगला होता म्हणून नव्हे, तर त्याने ती फट पाहिली म्हणून १९३६ चे श्रेय त्याचे आहे.

दुसऱ्या बाजूने लुईचे काय झाले? त्याच्या १९३८ च्या दोन मिनिटांना लोकांनी संताप म्हटले, सूड म्हटले, जंगली जनावराची झेप म्हटले. पहिल्या झुंजीत श्मेलिंगची बुद्धी आणि दुसऱ्या झुंजीत लुईचे रक्त, अशी वाटणी झाली. ही वाटणी मला असह्य वाटते. काळ्या माणसाने बुद्धीने जिंकले, असे म्हणायला त्या वेळच्या लेखण्या तयार नव्हत्या, एवढाच तिचा अर्थ. चित्रफीत आता कोणालाही पाहता येते. लुईचे सुरुवातीचे डावे ठोसे पाहा: आखूड, आणि झटकन परतणारे. दोन वर्षांपूर्वीची फट बुजलेली आहे. आणि तो श्मेलिंगला अंतरच देत नाही. श्मेलिंगचा उजवा हात सुटायला पाऊलभर मागची जागा लागते. लुई पहिल्या घंटेपासून ती जागा खाऊन टाकतो. जॅक ब्लॅकबर्न नावाच्या म्हाताऱ्या, कडक गुरूने हे त्याच्याकडून घोटून घेतले होते. ब्लॅकबर्न स्वतः जुना मुष्टियोद्धा. त्याला रागावलेला शिष्य चालला नसता. रागावलेला माणूस ठोसे लांबून फेकतो; लुईचा एकही उजवा ठोसा लांबून आलेला नाही.

तो संताप असता तर एकदाच दिसला असता. पण लुईच्या कारकिर्दीत फेरझुंज ही जवळजवळ एक पद्धतच झाली. १९४० च्या फेब्रुवारीत चिलीचा गोडॉय जमिनीसरसा वाकून लढला आणि पंधरा फेऱ्या टिकला. लुईला त्याचे डोकेच सापडेना. चारच महिन्यांत लुईने खालून वर येणारे अपरकट मारून त्याला आठव्या फेरीत थांबवले. १९४७ च्या डिसेंबरात वॉल्कॉटने लुईला दोनदा पाडले. आपण हरलो असे समजून लुई निकालापूर्वीच रिंगणातून बाहेर पडू लागला होता. दुभंगलेल्या निकालाने पद राहिले. पुढच्या जूनमध्ये वॉल्कॉटने त्याला तिसऱ्या फेरीत पुन्हा पाडले, आणि अकराव्या फेरीत लुईने वॉल्कॉटला बाद केले. लुई तेव्हा चौतीस वर्षांचा होता. पायांतली चपळाई गेली होती. शिकणे गेले नव्हते.

अर्थात प्रत्येक फेरझुंज काही सांगतेच असे नाही. बिली कॉन १९४१ साली तेराव्या फेरीपर्यंत दोन पंचांच्या कागदावर लुईच्या पुढे होता आणि तिसऱ्याच्या बरोबरीत. नुसता पळत राहिला असता तरी जगज्जेता झाला असता. तो बाद करायला आत शिरला आणि फेरीची दोन सेकंदे उरली असताना स्वतःच बाद झाला. दुसरी झुंज व्हायला १९४६ उजाडले. मध्ये महायुद्ध होऊन गेले होते. आठ फेऱ्यांचा तो कंटाळवाणा प्रकार पाहून १९४१ च्या कॉनबद्दल मत बनवणे म्हणजे पडक्या वाड्यावरून बांधणाऱ्याची परीक्षा करणे.

फ्लॉइड पॅटर्सनच्या नशिबी तर दोन्ही प्रकार आले. १९५९ साली स्वीडनच्या योहान्सनने त्याला तिसऱ्या फेरीत सात वेळा पाडले. वर्षभराने पॅटर्सनने डाव्या हुकने त्याला पाचव्या फेरीत बाद केले आणि गमावलेले हेवीवेट जगज्जेतेपद परत मिळवणारा तो पहिला ठरला. लोक म्हणाले, खरे कळले. १९६१ च्या तिसऱ्या झुंजीत पहिल्याच फेरीत योहान्सनने त्याला पुन्हा दोनदा पाडले! ती झुंजही सहाव्या फेरीत पॅटर्सननेच जिंकली, पण ‘खरे कळले’ म्हणणारे मात्र गप्प झाले. पुढे १९६२ साली सोनी लिस्टनने पॅटर्सनला दोन मिनिटे सहा सेकंदांत बाद केले, आणि १९६३ च्या फेरझुंजीत दोन मिनिटे दहा सेकंदांत. येथे शिकायला चार सेकंदे मिळाली, म्हणायचे.

त्या लिस्टनची कथा याच विषयात येते. १९६४ च्या फेब्रुवारीत मायामी बीचला कॅशियस क्ले, म्हणजे पुढचा मुहम्मद अली, याच्यापुढे तो सातव्या फेरीला उठलाच नाही. २५ मे १९६५ रोजी मेन राज्यातल्या लुइस्टन या लहानशा गावी, अडीच हजारही प्रेक्षक नसताना, दुसरी झुंज झाली. पंच होता जो वॉल्कॉट. तोच, लुईचा वॉल्कॉट, ज्याने फेरझुंजीचा मार पुढे मार्सियानोकडूनही पहिल्याच फेरीत खाल्ला होता. लिस्टन पहिल्या फेरीत पडला. अली कोपऱ्यात जाईना, पडलेल्याच्या डोक्यावर उभा राहून ओरडत राहिला. वॉल्कॉट त्याला हाकलण्यात गुंतला आणि अंक मोजणे राहून गेले. शिकागोनंतर अडतीस वर्षांनी तेच! लिस्टन उठला, दोघे पुन्हा भिडलेही. तेवढ्यात रिंगणाकडेला बसलेल्या ‘रिंग’ मासिकाच्या नॅट फ्लायशरने ओरडून सांगितले, की दहा केव्हाच होऊन गेले, आणि वॉल्कॉटने झुंज संपवली.

तो ठोसा बसलाच नाही, लिस्टन ठरवून पडला, असे तेव्हापासून म्हणत आले आहेत. लिस्टनच्या मनात काय होते ते चित्रफीत सांगत नाही. हात मात्र दाखवते. लिस्टन डाव्या हाताचा जॅब टाकतो. अली डोके मागे घेतो. जॅब परतायच्या आत, त्या हाताच्या वरून, अलीचा उजवा हात आखूड खाली उतरतो आणि लिस्टनचा डावा पाय क्षणभर जमिनीवरून सुटतो. हा ठोसा नवा नव्हता. श्मेलिंगने त्याची जागा १९३५ च्या डिसेंबरात पाहून ठेवली होती.